बादल्यांच्या रांगेत अडकलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी सर्चची पट्टी आहे. पानाच्या अगदी वरच्या बाजूला, कुणाच्याही डोळ्यांत भरेल अशा जागी मी असते. एका टोकाला भिंगाचं चित्र आहे आणि बाकी मी कोरी. माझ्यात चार शब्द लिहायचे आणि एंटर दाबायचं, इतकंच माझं मागणं. तेवढेही कष्ट ज्यांना नकोत अशा माणसांत माझं आयुष्य गेलं, म्हणून माझी गोष्ट काही गोड लागायची नाही. तरी ऐका.

माझा जन्म गिरगावातल्या एका वाडीत, दत्ताराम सरांच्या कम्प्युटर क्लासमध्ये झाला. सर प्रोग्रामिंग शिकवत. क्लास सुटला तरी पोरांचे फोन सुटत नसत. जेवायला बसले की फोन, बाजारात पिशवी धरून उभे असले की फोन. प्रत्येकाचं सुरुवातीचं वाक्य एकच, ‘सर, अडलंय.’ इंग्रजीत हवी तेवढी माहिती पडलेली असते, पण या पोरांना ती वाचून नीट उमगत नसे. म्हणून सरांनी एक मराठी फोरम काढायचं ठरवलं. कुणीही आपली अडचण लिहावी, जाणत्याने उत्तर द्यावं आणि ते उत्तर सगळ्यांसाठी तिथेच राहावं. फोरमचं नावही त्यांनी ‘अडलंय’ असंच ठेवलं.

तो बांधला संघमित्राने. ही चिंचपोकळीची. एके काळी सरांचीच विद्यार्थिनी होती आणि आता एका ऑफिसात प्रोग्रामर आहे. दिवसभर तिथे डोकं शिणवून ती संध्याकाळी फोरमवर उत्तरं लिहायला बसायची. हौस म्हणाल तर हौस, सरांचा लोभ म्हणाल तर लोभ. मला तिनेच लिहिलं. ‘एकदा दिलेलं उत्तर पुन्हा द्यावं लागू नये, म्हणून हिला सगळ्यात वर ठेवूया,’ असं ती सरांना म्हणाली होती. क्लासच्या कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर फोरमचं पान कायम उघडं असतं, त्यामुळे तिथलं सगळं बोलणं माझ्या कानांवर पडतं.

सुरुवातीचे दिवस चांगले होते. लोक येत, माझ्यात शब्द लिहीत, मी जुनी उत्तरं शोधून पुढे ठेवी. उत्तम नावाच्या एका मुलाने एकदा लिहिलं होतं, ‘प्रश्न विचारायला आलो होतो, वरच्या पट्टीत शोधलं तर उत्तर आधीच होतं. कमाल आहे.’ सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता! त्यानंतर माझं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही.

मग फोरमचं नाव पसरलं. शहरभरच्या कॉलेजांतली पोरं यायला लागली आणि माझ्या डोळ्यांदेखत घाण साचू लागली. दुसरा शब्द नाही त्याला. ‘सर, चालत नाही.’ काय चालत नाही? पंखा? प्रोग्राम? तुझं डोकं? ते लिहायचं नाही. ‘मॅडम प्लीज, अर्जंट.’ ‘पूर्ण कोड पाठवा, उद्या सबमिशन आहे.’ आणि फोटो! प्रोग्राम सरळ उचलून चिकटवता येतो, तर हे मोबाइलने स्क्रीनचा आडवा फोटो काढणार. त्यात अर्धा अंगठा, काचेवर वड्याच्या तेलाचे डाग, आणि नेमकी जी ओळ वाचायला हवी तिच्यावर ट्यूबलाइटचा उजेड. शी!

त्यातही एका प्रश्नाने तर उबग आणला. पायथन नावाच्या भाषेत ओळींची सुरुवात एका रेषेत लागते. ती मागेपुढे झाली की प्रोग्राम थांबतो आणि लाल अक्षरं येतात. सरांनी याचं उत्तर फार पूर्वी, अगदी मायेने, चित्रं काढून लिहून ठेवलं होतं. माझ्यात ‘लाल अक्षरं’ लिहिलं असतंत तरी मी ते तुमच्या हातात आणून दिलं असतं. पण नाही. तोच प्रश्न रोज यायचा. सकाळी एकाने विचारला, संघमित्राने उत्तर दिलं, की दुपारी त्याच्याच बाकावरचा दुसरा विचारायचा. कौतुक करणारा तो उत्तमसुद्धा पुढे यांच्यातलाच झाला. संघमित्राने त्याला जुनं उत्तर दाखवलं तर म्हणतो कसा, ‘मॅडम, ते उत्तर त्याला दिलंय. मला कुठे दिलंय?’ जणू उत्तर म्हणजे लग्नाचं आमंत्रण, प्रत्येकाच्या नावाने वेगळं जायला हवं.

आता खरी खोड सांगते. दत्ताराम सर मोठे झाले लालबागच्या चाळीत. तिथे सार्वजनिक नळावर पाणी यायच्या आधी रांग लागायची, पण माणसांची नाही, बादल्यांची. बादली ठेवायची आणि आपल्या कामाला जायचं. बादली उभी म्हणजे तुम्ही उभे. सरांना तो न्याय फार आवडायचा, त्यात लहानमोठा भेद नाही. म्हणून त्यांनी फोरमलाही तोच नियम लावला. जो आधी येईल त्याला आधी उत्तर. संघमित्राने वरून सुरुवात करायची आणि खाली उतरत जायचं, मधला कुणी उचलायचा नाही.

त्यातली बरीचशी पोरं गिरगाव-परळच्या चाळींतली. त्यांनी हे बरोबर ओळखलं आणि बादल्या ठेवायला सुरुवात केली. प्रश्न नसतानाच प्रश्न टाकायचे. ‘अडलंय. नंतर लिहितो.’ ‘नंबर लावून ठेवतोय.’ स्वप्नील नावाच्या एका महाभागाने तर सबमिशनच्या दिवसांत आपला नंबर लावला आणि वर मित्रांचेही लावून टाकले, ‘हा गौतमचा, तो अजून झोपलाय.’ मी वर बसून बघत होते. खाली नुसत्या रिकाम्या बादल्या, त्यांच्या मालकांचा पत्ता नाही. संघमित्रा प्रत्येकाला विचारायची, नेमकं काय अडलंय? कधी उत्तर येई, कधी नाही. स्वप्नीलसाठी तिने एकदा समजावून, उदाहरण देऊन, भलंमोठं उत्तर लिहिलं. त्याने खाली लिहिलं, ‘झालं मॅडम, मित्राने सांगितलं.’ धन्यवादसुद्धा नाही. मला हात असते तर मी त्याचा कान धरला असता.

संघमित्रा सरांना दोनतीनदा म्हणाली, की हे रिकामे प्रश्न काढून टाकूया. सर हसून सोडून देत. पोरं आहेत, नळावर आम्हीही हेच करत होतो, शिकतील हळूहळू, असं त्यांचं म्हणणं. संघमित्राही मग विषय सोडून द्यायची. सरांचा शब्द तिला मोडवत नसे.

अशा त्या उच्छादात एका दुपारी माझ्यात शब्द उमटले. किती दिवसांनी कुणी माझ्यात नीट वाक्य लिहीत होतं! ‘दोघींनी एकदम मागणी टाकली की एकीची पुसली जाते.’ मी शोधलं. जवळपासचं एक उत्तर होतं, ते तिने पूर्ण वाचलं. मग शब्द बदलून पुन्हा शोधलं. पुन्हा वाचलं. नेमकं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हा कुठे तिने प्रश्न लिहायला घेतला.

ही ऋतिका, कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. तिची आजी काशीबाई सुकी मासळी विकते. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून पाऊस लागायच्या आधी घराघरात बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवतात. त्या खरेदीला आगोट म्हणतात. काशीबाईचा सगळा धंदा त्या थोड्या आठवड्यांचा, आणि गिऱ्हाइकं वर्षानुवर्षांची, गिरगावापासून दादरपर्यंत. आजीला फोनवरच्या मागण्या लक्षात ठेवताना त्रास होतो म्हणून नातीने एक पान बनवलं होतं. गिऱ्हाइकाने त्यावर मागणी नोंदवायची, आजीने त्याप्रमाणे बांधून ठेवायचं. पान छान चालत होतं, पण दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी मागणी टाकली की दोघांना एकच नंबर मिळायचा आणि दुसऱ्याची मागणी पहिल्याच्या जागेवर बसायची. पहिला गायब. त्याला मात्र ‘मागणी मिळाली’ असं दिसलेलं असायचं.

काय करायला गेले, काय झालं, कधी होतं, कधी होत नाही, काय काय करून पाहिलं, सगळं तिने लिहिलं होतं. नेमका तेवढाच प्रोग्राम चिकटवला होता, एक ओळ जास्त नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘आगोट चालू आहे, आजीची गिऱ्हाइकं दुखावतायत, जमल्यास लवकर सांगा.’ अर्जंट हा शब्द नाही, रडारड नाही. मित्रांनो, प्रश्न असा असतो. मी तर म्हणेन, फ्रेम करून लावावा असा होता.

आणि तो जाऊन बसला रांगेच्या शेवटी. त्याच्यापुढे सगळ्या बादल्या. स्वप्नीलची, झोपलेल्या गौतमची, आणि लाल अक्षरांची तर माळच. संघमित्रा रोज संध्याकाळी नियमाप्रमाणे वरून सुरुवात करायची. काय अडलंय, काय अडलंय, असं दारोदार विचारत फिरण्यात तिची संध्याकाळ जायची. खाली काय आहे ते तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. पण मला विचारल्याशिवाय मी बोलू शकत नाही, आणि मला विचारतं कोण?

ऋतिका रोज येऊन आपला प्रश्न बघायची आणि जायची. एकदाही तिने ‘कुणी आहे का’ असं खाली टाकलं नाही. मग पाऊस आला. त्यानंतर एका सकाळी तिने आपल्याच प्रश्नाखाली लिहिलं, ‘आजीने पान बंद करायला लावलं. ती म्हणते, माझ्या शब्दावर लोक मासळी नेतात, तुझ्या पानाने माझा शब्द खोटा पाडला. ठाकूरद्वारच्या एक बाई आल्या होत्या, त्यांचा जवळा बांधलेलाच नव्हता. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, भांडून गेलं. आता उत्तर नको. प्रश्न काढून टाका, कुणाचा तरी नंबर पुढे सरकेल.’

ते संघमित्राला कळलं तेव्हा रविवार होता. खाली कुणी काहीतरी लिहिलंय अशी खूण तिला दिसली, तिने उघडलं, वरपासून वाचलं. उत्तर तिला माहीत होतं. चहा होईस्तोवर लिहून झालं असतं, एवढंच ते होतं. नंबर आपण मोजायचा नाही, माहिती जिथे साठते त्या डेटाबेसलाच द्यायला सांगायचा, मग एक नंबर दोघांना जात नाही. ती तशीच उठली आणि चालत गिरगावात क्लासवर आली. सर फळा पुसत होते. तिने कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर तो प्रश्न उघडला आणि खुर्ची ओढून त्यांना बसायला सांगितलं.

सरांनी वाचलं. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“चार दिवस थांबली असती तर तिचा नंबर आला असता गं,” ते म्हणाले.

“आगोट थांबत नाही, सर.”

“खरंय. पण म्हणून बाकीच्यांना दारातून परत पाठवायचं? विचारायला आलेल्याला आपण आजवर कधी हाकललं नाही.”

“हाकललं ना, सर. जिने शोधलं, वाचलं, नीट लिहिलं, तिलाच हाकललं. बाकीचे सगळे इथेच आहेत.” तिचा आवाज चढला नव्हता. “मला या सगळ्याची किळस यायला लागलीय. त्या मुलांची नाही, माझीच. मी रोज संध्याकाळी रिकाम्या बादल्यांशी बोलत बसते आणि त्याला मदत म्हणते. हे असंच चालणार असेल तर उद्यापासून मी उत्तरं लिहिणार नाही.”

तेव्हा मला कळलं, की आता फक्त ऋतिका गेलेली नाही. संघमित्राही चालली. आणि ती गेली तर फोरम संपला, कारण सरांचं वय झालं होतं आणि बाकी उत्तरं देणारे केव्हाच कंटाळून पांगले होते. मी कोरी ती कोरीच राहणार होते, फक्त आता कायमची.

सरांनी हातातलं डस्टर टेबलावर ठेवलं. मग हळूच बोलले. “आमच्या चाळीत एक गोष्ट होती. नळाला पाणी आलं आणि बादलीचा धनी जागेवर नसला, तर बादली बाजूला सारायचे. कुणीही सारायचं. त्यावर भांडण नसायचं. माझ्या आईची कितीदा सारलीय.”

“मग तो अर्धा नियम इथे का नाही आणलात?”

“हात धजला नाही,” सर म्हणाले. “तू सार.”

बस्स, एवढंच बोलणं झालं. त्यानंतर संघमित्राने पुढच्या काही सुट्ट्या घालवून फोरमची मांडणी बदलली. ‘प्रश्न विचारा’ हे बटण तिने माझ्याखाली लपवलं. आधी माझ्यात लिहा, मी जवळची उत्तरं दाखवीन, ती पाहून झाली की मगच बटण दिसेल. बटण दाबलं की तीन गोष्टी लिहायच्या. काय करायला गेलात, काय झालं, काय करून पाहिलंत. तिन्ही नीट लिहून होतील तेव्हा तुमचा नंबर लागेल. नुसतं ‘अडलंय’ टाकलं तर बादली बाजूला. आणि जुनाच प्रश्न कुणी पुन्हा विचारला, तर तो जुन्या उत्तराला जोडायचा. तिथे तिने एक ओळ लिहून ठेवली, ‘हे उत्तर तुमच्यासाठीही आहे.’ उत्तमच्या त्या आमंत्रणावर काढलेला हा तोडगा मला फार आवडला.

पहिले काही दिवस काय शिव्या खाल्ल्या मी! माज आलाय, साधा प्रश्न विचारू देत नाहीत, सरांच्या वेळी असं नव्हतं. बरेच जण निघून गेले. सर उदास झाले, क्लासमधल्या कम्प्युटरसमोर बसून कमी झालेली वर्दळ बघत राहायचे. मला म्हणाल तर मी खूश होते. पण माझी खुशी टिकते कुठे? लोक आता माझ्यातच लिहायला लागले, ‘सर प्लीज.’ ‘हाय.’ ‘कुणी आहे का.’ एकाने तर माझ्या पोटात आख्खा प्रोग्राम ओतला, वर ‘यात काय चुकलंय सांग’ असा हुकूम. अरे, मी सर्चची पट्टी आहे, तुझ्या मावशीची पोर नाही!

तरी फरक पडला, हे कबूल करायला हवं. स्वप्नील एकदा आला, तिसऱ्या रकान्याशी अडला. काय करून पाहिलंत? काहीच करून पाहिलेलं नव्हतं. लिहायला काही हवं म्हणून त्याने एक गोष्ट करून पाहिली, मग दुसरी. मग तो प्रश्न न टाकताच गेला, कारण त्याचं काम झालं होतं. आभार मानायची सवय त्याला अजूनही लागलेली नाही. संघमित्राच्या संध्याकाळी मात्र मोकळ्या झाल्या. आता ती खऱ्या प्रश्नांना खरी उत्तरं लिहिते आणि वेळेवर घरी जेवते.

ऋतिकाचा प्रश्न तिने काढला नाही. त्याखाली आधी माफी मागितली, मग उत्तर लिहिलं. इतकं सविस्तर आणि स्वच्छ उत्तर तिने दुसरं लिहिलेलं नाही. दिवाळीच्या तोंडावर लालबागचा कुणी एक चिवडेवाला माझ्यात आला, ‘दोन ऑर्डरना एक नंबर’ असं लिहून. मी त्याला तिथे नेलं. त्याने वाचलं, आपलं पान दुरुस्त केलं, गेला. त्याच्या गिऱ्हाइकांना फराळ वेळेवर मिळाला असेल. मच्छीमार नगरातल्या कुणा मुलीमुळे तो मिळाला, हे त्याला कधी कळायचं नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला हात जोडून सांगणार नाही, कारण एक तर मला हात नाहीत आणि दुसरं म्हणजे मी तुमच्यावर चिडलेली आहे. विचारा, जरूर विचारा, न कळण्यात लाज कसली? पण विचारायच्या आधी डोळे उघडा, आधीच्यांनी काय लिहून ठेवलंय ते बघा, स्वतः थोडी खटपट करा. तुम्ही आळसाने ठेवलेल्या प्रत्येक रिकाम्या बादलीमागे कुणीतरी खरोखर तहानलेलं उभं असतं. ते ओरडत नाही. थोडा वेळ थांबतं आणि निघून जातं.

ऋतिका परत आली नाही. दर पंधरवड्याला, ऑफिसातून आल्यावर, कुणीतरी माझ्यात लिहितं, ‘दोघींनी एकदम मागणी टाकली की एकीची पुसली जाते.’ ती संघमित्रा असते. उत्तराखाली काही आलंय का, ते बघायला येते. तिला तो प्रश्न कुठे आहे ते पाठ आहे, सरळ जाऊ शकते, तरी नियमाप्रमाणे माझ्याकडूनच जाते. मी दर वेळी तेच पान काढून देते. खाली काही आलेलं नसतं. तोच तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला मला चालत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. हा एक चालतो.